परदेशात स्वयंसेवेला निघताय? आरोग्य तपासणीत आणि उपकरणांच्या तयारीत या चुका टाळा

युगांडा, केनिया, इथिओपियासारख्या देशात वर्षभर काम करायचं ठरलं की संस्थेकडून आरोग्याचा फॉर्म येतो. पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक तिथेच होते. बीपीची गोळी रोज चालू असते, तरी ‘आजार’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं जातं. खरं सांगितलं तर नाव कापतील, ही भीती.

तपासणारा डॉक्टर तुमचा आजार त्या ठिकाणी सांभाळता येईल का, हेच मुख्यतः पाहत असतो. मधुमेह आहे हे कळलं तर वीज आणि रुग्णालय जवळ असलेल्या गावात नेमणूक करता येते. लपवलात तर ती सोय कुणी करणार नाही, आणि पुढे विमा कंपनीही आधीचा आजार सांगितला नाही म्हणून दावा नाकारू शकते. नैराश्याची औषधं तर लोक हमखास लपवतात. पण मलेरिया टाळण्यासाठी दिलं जाणारं मेफ्लोक्विन हे औषध नैराश्य किंवा फिट्सचा त्रास असलेल्यांना देत नाहीत. माहितीच नसेल तर डॉक्टर दुसरं औषध निवडणार कसा?

यंत्र घेतलं, विजेचं काय?

झोपेत श्वास अडखळण्याच्या आजारासाठी (स्लीप ॲप्निया) काही जण सी-पॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र वापरतात. ते यंत्र बॅगेत भरतात आणि निघतात. केनिया-युगांडात तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग चालतो, आपला गोल पिनांचा नाही. ॲडॉप्टर स्वस्तात मिळतो. खरी अडचण रात्री वीज जाण्याची आहे. त्यासाठी बॅटरी लागते आणि विमानात बॅटरीला मर्यादा आहे. ही मर्यादा वॉट-अवरमध्ये, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्यावर मोजतात. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची आगाऊ परवानगी हवी, त्यापुढची प्रवासी सामानात नेता येत नाही. बॅटरीवर फक्त एमएएच लिहिलं असेल तर त्याला व्होल्टने गुणा आणि हजाराने भागा. ३.७ व्होल्टची २०,००० एमएएच पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-अवर. सुटी बॅटरी नेहमी हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये टाकू नका. यंत्राचा ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) बंद ठेवला तर तीच बॅटरी बराच जास्त वेळ पुरते. निघण्याआधी घरी मेन स्विच बंद करून एक पूर्ण रात्र बॅटरीवर झोपून बघा. मास्कची गादी आणि फिल्टर वर्षाचे न्या.

इन्सुलिन: इथे चूक जिवावर बेतते

आपल्याकडे यू-४० (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) इन्सुलिनच्या बाटल्या आणि त्यांच्या सिरिंज अजून सर्रास मिळतात. परदेशात बहुतेक ठिकाणी यू-१०० (एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट) इन्सुलिन असतं. यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजने घेतलं तर डोस अडीचपट होतो आणि साखर धोकादायक खाली जाऊ शकते. इन्सुलिनचं पेन वापरत असाल तर हा घोळ टळतो. नसाल, तर डॉक्टरांशी बोलून निघण्याआधीच बदल करा, तिथे पोहोचल्यावर नको.

साखरेचे आकडेही तिथे वेगळे असतात. आपण मिलिग्रॅममध्ये बोलतो, केनिया-युगांडात मिलिमोलमध्ये. त्यांचा आकडा १८ ने गुणला की आपला येतो. तिथल्या नर्सने ‘वीस’ सांगितलं तर ते आपले ३६० आहेत! ग्लुकोमीटर इथलाच न्या आणि पट्ट्याही पुरेशा न्या, कारण त्याच मॉडेलच्या पट्ट्या तिथे मिळतीलच असं नाही.

इन्सुलिन चेक-इन बॅगेत ठेवू नका, गोठलं की ते निकामी होतं. फ्रिज नसेल तर एकात एक ठेवलेल्या आणि मधे ओली वाळू घातलेल्या दोन मडक्यांचा उपाय कोरड्या हवेत उपयोगी पडतो. दमट किनारपट्टीवर त्याचा फारसा फायदा होत नाही.

पिवळ्या तापाची लस शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका

ही लस सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतरच ग्राह्य धरलं जातं. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. युगांडात शिरतानाही ते मागतात आणि तिथून भारतात परततानाही. नसेल तर इथे सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठी ओलांडलेल्यांनी आणि स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेटसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं, कारण ही जिवंत विषाणूची लस आहे.

दात दाखवून घ्या, किडका दात भरून जा. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्या, आपला ब्रँड तिथल्या दुकानदाराला कळणार नाही. दुबईमार्गे जाणार असाल तर ट्रॅमाडॉल, कोडीन ही वेदनाशामकं असलेल्या गोळ्यांचे तिथले नियम आधी तपासा.

मलेरियाच्या गोळ्या विमान उतरलं म्हणून थांबवू नका. डॉक्सिसायक्लिन परतल्यानंतरही चार आठवडे घ्यायची असते. तरीही ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी बसू नका. कुठून आलात हे डॉक्टरांना आधी सांगा आणि त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासून घ्या.