नेव्हरविंटर नाइट्स: चाहत्यांचं मॉड्यूल उघडत नाही?
२००२ सालच्या या गेमसाठी चाहत्यांनी रचलेलं मॉड्यूल, म्हणजे खेळायची स्वतंत्र मोहीम, उतरवलं की बरेच जण सगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये ओततात, आणि मग गेम रुसतो. एन्हान्स्ड एडिशनमध्ये, म्हणजे गेमच्या नव्या, सुधारित आवृत्तीत, डॉक्युमेंट्समधल्या 'नेव्हरविंटर नाइट्स' फोल्डरात जा. मॉड फाइल (.mod, म्हणजे खुद्द मॉड्यूल) 'मॉड्यूल्स' (modules) मध्ये, हॅक फाइल (.hak, मॉड्यूलला लागणारी जादा चित्रं वगैरे) 'हॅक' (hak) मध्ये, टीएलके (.tlk, गेममधला मजकूर) असेल तर 'टीएलके' (tlk) मध्ये. गरजेची एक हॅक जरी राहिली तरी मॉड्यूल सुरूच होत नाही.

मॉड्यूलसोबत येणारी रीडमी, म्हणजे सूचनांची फाइल, आधी वाचा, कंटाळवाणी असली तरी! पात्र कितव्या पातळीचं हवं, ते बहुधा तिथेच असतं. पहिल्या पातळीचा जादूगार बाराव्या पातळीच्या मोहिमेत नेलात तर पहिल्याच दारात गारद. आणि खेळ अर्ध्यावर असताना मॉड्यूलची नवी आवृत्ती टाकून उपयोग नाही. सेव्हमध्ये जुनीच प्रत असते.