हॅलोविनची मांजर थरथरते? सर्व्होला वेगळी वीज द्या

३१ ऑक्टोबरला दारात बसवायला मान वळवणारी काळी मांजर करायची असेल, तर सामान थोडंच लागतं: कापूस भरलेलं जुनं खेळणं, आर्डुइनो नॅनो (कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड), एसजी९० सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर) आणि हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर.

घोळ होतो तो विजेचा. सर्व्हो बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनवरून चालवली, की मान वळायला लागताना ती एकदम जास्त करंट ओढते, व्होल्टेज खाली बसतं आणि बोर्ड रीसेट होतो. माझी पहिली मांजर जागच्या जागी नुसती थरथरायची. मी दोन संध्याकाळी कोडच तपासत बसलो होतो.

सर्व्होला चार रिचार्जेबल एए सेलांचा (४.८ व्होल्ट) वेगळा पॅक द्या. पॅकची आणि बोर्डाची ग्राउंड (ऋण) वायर मात्र एकत्र जोडायलाच हवी, नाहीतर मोटरला सिग्नल नीट कळत नाही. सर्व्होजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून अचानकची ओढ सावरणारा भाग) लावा, त्यावरच्या पट्ट्याची बाजू ऋण तारेला.

आता खरी मजा. मान ४० अंश झटक्यात फिरली, तर खेळणंच वाटतं. एकेक अंश, मध्ये २० मिलिसेकंद थांबून वळवा आणि शेवटी दोन सेकंद तशीच ठेवा. ती रोखलेली नजरच चॉकलेट मागायला आलेल्या मुलांना थबकवते. मानेपाशी दाबून भरलेला कापूस आधी काढा, नाहीतर एवढीशी मोटर अडून तापते. पीआयआर चालू केल्यावर पहिलं मिनिटभर उगीचच इशारे देतो, तेवढं थांबा.