पेन ड्राइव्हवरची गाणी आणि व्हिडिओ साध्या प्लेअरवर वाजण्याजोगे कसे करावेत

खानदेशात श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवापासून लग्नसराईपर्यंत अहिराणी गाण्यांचा पेन ड्राइव्ह या हातातून त्या हातात फिरत असतो. मोबाइलवर व्यवस्थित ऐकू येणारे गाणे ट्रॅक्टरवरचा साधा प्लेअर मात्र कधी कधी गाळून पुढे जातो. अशा वेळी गाणे ज्या पद्धतीने साठवलेले असते ती उलगडण्याची सोय त्या प्लेअरमध्ये बहुधा नसते.

सीडीवर आवाजाची नोंद दर सेकंदाला ४४,१०० वेळा, दोन वाहिन्यांवर आणि प्रत्येक नोंदीला १६ बिट या हिशेबाने होते, त्यामुळे पाच मिनिटांचे गाणे ५० एमबीच्या वर जाते. एमपी थ्री पद्धत त्यातला कानाला न जाणवणारा भाग काढून टाकते. ढोल दणदणत असताना त्याच सुमाराच्या पट्टीतला बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, तेव्हा तो जपण्यावर ही पद्धत जागा खर्च करत नाही. १२८ केबीपीएसला, म्हणजे दर सेकंदाला १२८ किलोबिट माहिती ठेवल्यास, तेच गाणे पाच एमबीच्या आत बसते. प्लेअरमधील चिप ही माहिती उलगडते, तिचे विद्युत लहरींत रूपांतर होते आणि अ‍ॅम्प्लिफायर त्या लहरी स्पीकरपर्यंत पोहोचवतो.

मोबाइलवरून आलेली गाणी पुष्कळदा एएसी किंवा ओपस पद्धतीची असतात. फाइलच्या नावाचे शेपूट बदलून ती एमपी थ्री होत नाहीत. संगणकावरील व्हीएलसी या मोफत प्रोग्राममधील ‘कन्व्हर्ट’ची सोय वापरून त्यांचे खरोखर रूपांतर करावे लागते. हे करताना १२८ केबीपीएसची फाइल ३२० ची करण्याचा मोह टाळावा, कारण एकदा गाळलेला आवाज परत येत नाही, फक्त जागा अडते.

व्हिडिओची गुंतागुंत अधिक आहे. एमपी फोर किंवा एमकेव्ही हे केवळ वेष्टन असते, आणि बारदानावरच्या शिक्क्यावरून आतल्या मालाची खात्री होत नाही. टीव्हीवर आवाज येतो पण चित्र येत नाही, तर चित्र बहुधा एच.२६५ पद्धतीचे असते. चित्र दिसते पण आवाज नाही, तर ध्वनी डीटीएससारख्या पद्धतीचा असण्याची शक्यता असते. व्हीएलसीच्या ‘कोडेक इन्फर्मेशन’मध्ये दोन्ही पद्धती स्पष्ट दिसतात. जुन्या टीव्हीसाठी एमपी फोर वेष्टनात एच.२६४ चित्र आणि एएसी ध्वनी ही जोडी सर्वांत भरवशाची; हँडब्रेक या मोफत प्रोग्राममध्ये ती निवडून व्हिडिओ नव्याने तयार करता येतो. लग्नाच्या लांबलचक चित्रीकरणाला यात बराच वेळ लागतो, म्हणून ते काम रात्री लावून ठेवलेले बरे.

पेन ड्राइव्ह मुळीच वाचला जात नसेल, तर तो एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट झालेला आहे का, हे पाहावे. साध्या प्लेअरला सहसा फॅट३२ लागते. फॉरमॅट करण्यापूर्वी आतला सगळा मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा, आणि फॅट३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

गाण्यांचा क्रम हा शेवटचा प्रश्न. अनेक स्वस्त प्लेअर नावानुसार न जाता, फाइली ज्या क्रमाने ड्राइव्हवर उतरल्या त्याच क्रमाने वाजवतात. मिरवणुकीत आधी कानबाईचीच गाणी हवी असतील, तर रिकाम्या ड्राइव्हवर ती एकेक करून, हव्या त्याच क्रमाने कॉपी करावीत आणि ‘इजेक्ट’ केल्यावरच ड्राइव्ह काढावा.