वकील गाठण्याआधी (आणि लायसन्सचं विचारा!)

मेहुण्याला परवा रात्री नाशिकला गंगापूर रोडच्या नाकाबंदीत दारू पिऊन गाडी चालवताना धरलं. सकाळी साडेसातला फोन, "दाजी, वकील कोणता करू?" मला विचारतोय, कारण दोन वर्षांपूर्वी मीही असाच सापडलो होतो आणि वकील निवडताना पार माती खाल्ली होती.

आधार, आरसी वगैरे घ्यालच. फुंकायच्या मशिनची पावती मात्र जिवापाड जपा, तिच्यावर आकडा असतो. 100 मिली रक्तात अल्कोहोल 30 मिलीग्रॅमच्या वर गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम 185. किती वाजता धरलं, सिव्हिल हॉस्पिटलला किती वाजता नेलं, हे आठवतंय तोवर कागदावर उतरवा. अटक केली असेल तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. कामाचा वकील या वेळा स्वतःहून विचारतो. न विचारता थेट फीवर आला तर चहा संपवा आणि उठा.

आता लायसन्स. मी हेच विसरलो. वकील म्हणाले, "कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा." मी 10,000 भरले, मोकळा झालो. लायसन्सचं काय, हे ना मी विचारलं, ना ते बोलले. कोर्ट वेगळं आणि आरटीओ वेगळं, हे तेव्हा डोक्यातच नव्हतं. पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात, आणि ते निलंबित करण्याआधी तुमचं म्हणणं मांडायची संधी मिळते. माझी नोटीस लायसन्सवरच्या पत्त्यावर, सिन्नरच्या जुन्या घरी गेली. काकूंनी ती देवघरात कुंकवाच्या डबीखाली नीट घडी करून ठेवली होती, "सरकारी कागद, हरवायला नको म्हणून." मला दिवाळीत मिळाली. तीन महिने टेम्पो दारात उभा आणि हप्ता चालू. तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा: आरटीओच्या नोटिशीला उत्तर तुम्ही देणार का, आणि ते याच फीत का?

कबुलीचंही समजून घ्या. कबूल केलं म्हणजे शिक्षा झाली, रेकॉर्डवर आली. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 दंड किंवा दोन्ही. कधी कधी कबुलीच बरी असते, पण ते कागद वाचून ठरवायचं, व्हरांड्यात उभ्या उभ्या नाही. आणि हो, कबुली देण्याआधी लायसन्सचं विचारा.

पैसे नसतील तर लाजू नका. सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर वकील फुकट मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्नाची अटच नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हाताशी असलेला बरा, तो आजच काढायला टाका, दिवस लागतात. हेल्पलाइन 15100. नेमून दिलेल्या वकिलाने वर पैसे मागितले तर देऊ नका, प्राधिकरणाला सांगा. फुकटचा वकील म्हणजे टाकाऊ, असं मीही समजायचो. पैसे मोजलेल्या वकिलाने माझं काय भलं केलं ते वर सांगितलंच.

खासगीच करायचा तर फौजदारी कामं करणारा बघा; जमिनीचे दावे लढणारे ओळखीचे काका नकोत. फी एकरकमी की दर तारखेला? टायपिंग, झेरॉक्स कुणाच्या खिशातून? तारखेला स्वतः उभे राहणार की ज्युनिअर पाठवणार? गाडी सोडवायचा अर्ज यातच? लायसन्स यातच? (हो, पुन्हा.) पैसे ऑनलाइन द्या, नोंद राहते. "शंभर टक्के सोडवतो" म्हणणारा आणि "साहेबांशी बोलून मिटवतो" म्हणणारा, दोघांनाही लांबूनच नमस्कार.

वकीलपत्र वाचून सही करा, कोऱ्यावर नाही. केस नंबर घ्या, ई-कोर्ट्स ॲपवर तारीख दिसते. चुकवू नका, वॉरंट निघतं. वेळेवर जा. फोन बंद.

मेहुण्याला शेवटी एवढंच विचारलं, लायसन्सवर पत्ता कुठला आहे? म्हणाला, "भाड्याच्या जुन्या खोलीचा." त्या घरमालकाला आधी फोन लाव म्हटलं, वकिलाला नंतर.