घंटी वाजते, पण आवाज येत नाही? राउटर तपासा

जळगाव-धुळ्याकडे घरोघरी फायबर आलंय. आजी-आजोबांच्या हाताला सवय असलेला टेबलफोन इंटरनेट फोन अडॅप्टरवर, म्हणजे साध्या फोनला इंटरनेटवरून कॉल करू देणाऱ्या छोट्या डब्यावर, मस्त चालतो. राउटरच्या लॅन पोर्टमधून केबल अडॅप्टरला, अडॅप्टरच्या ‘फोन’ पोर्टमधून वायर टेलिफोनला, झाली जोडणी. भिंतीतली जुनी लँडलाइन मात्र त्या पोर्टला चुकूनही लावू नका, तिच्यातल्या व्होल्टेजने अडॅप्टर जळू शकतो.

खरा त्रास पुढे होतो. फोन लागतो, आपलं बोलणं पलीकडे पोहोचतं, पण तिकडचा आवाजच येत नाही. अशा वेळी नेटच्या स्पीडला दोष देऊ नका, जी.७११ कोडेकवर (आवाजाचा डेटा बनवायची एक पद्धत) एका कॉलला प्रत्येक दिशेने १०० केबीपीएसपेक्षा कमीच लागतात. बहुतेकदा खोडी राउटरमधल्या ‘सिप एएलजी’ची असते. इंटरनेट कॉल जोडणाऱ्या ‘सिप’ पद्धतीला मदत म्हणून दिलेली ही सोय कॉलच्या पॅकेटमधले (डेटाच्या तुकड्यांमधले) पत्ते बदलते आणि आवाज भलतीकडेच जातो. राउटरच्या सेटिंगमध्ये ती बंद करून राउटर आणि अडॅप्टर दोन्ही रीस्टार्ट करा.

आणि हो, फायबरचा डबा, राउटर, अडॅप्टर तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. एकाचीही लाइट गेली की फोन बंद. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका.