काकड आरतीच्या व्हिडिओवरचा कॉपीराइटचा दावा असा सुटला

कार्तिकात आमच्या भजन मंडळाची काकड आरती मोबाईलवर रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकली. दुसऱ्याच दिवशी एका म्युझिक कंपनीचा दावा आला. जाहिरातीचे पैसे तिला जाणार. पखवाज वाजवणारे आबाजी म्हणाले, "अभंग तुकोबाचा, आवाज आपला, मंग पैसे त्यायले काहून?"

प्रश्न बरोबर होता. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी शब्द सर्वांचे होतात. तुकोबा तर सतराव्या शतकातले. पण एखाद्याने आज गाऊन केलेल्या रेकॉर्डिंगवर त्याचा वेगळा हक्क असतो. कंटेंट आयडी ही यूट्यूबची आपोआप चालणारी यंत्रणा आवाज जुळवून पाहते. चाल पारंपरिक, टाळ तेच, म्हणून गफलत झाली असावी.

दावे दोन निघाले. ०:४० ते १:०५ला मागून लग्नाच्या डीजेचं सिनेमातलं गाणं ऐकू येत होतं. तो दावा खरा, म्हणून यूट्यूब स्टुडिओत तेवढा तुकडा कापला. अभंगाच्या दाव्यावर मात्र हरकत घेतली: गायक आम्ही, रेकॉर्डिंग आमचं, रचना जुनी. कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस असतात. गावात रेंज नाही, रोज पाण्याच्या टाकीवर चढून बघायचो. बाराव्या दिवशी कंपनीनं दावा मागे घेतला. आता मूळ फाईल जपूनच ठेवतो.