छोट्या चमूच्या कामाची घडी कशी बसवावी

काम रखडले की प्रत्येकाने हात जरा जोरात चालवावा, असे सर्वांना वाटते. पण छोट्या चमूत बराचसा वेळ काम करण्यात जात नाही. ते कोणाच्या तरी टेबलावर पडून राहण्यात जातो. चार जणांनी मिळून दिवाळी अंक काढायचा आहे, असे धरून चालू.

प्रथम पाच-सहा लेखांचा संपादन, अक्षरजुळणी, प्रूफ, दुरुस्ती आणि मांडणी असा प्रवास नोंदवावा आणि प्रत्येक टप्प्यापुढे लेख तिथे पोहोचल्याची, हाती घेतल्याची व पूर्ण झाल्याची तारीख लिहावी. संपादन एका दुपारी उरकते आणि प्रूफ मात्र आठवडाभर नुसते पडून असते, असे चित्र दिसले, तर सुधारणा मुद्रितशोधनातच, म्हणजे प्रूफ वाचण्याच्या टप्प्यातच, करायला हवी. अक्षरजुळणीचा वेग वाढवला तर प्रूफचा ढीग फक्त उंच होईल.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे हातातल्या कामांना मर्यादा घालणे. टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांनी रुजवलेल्या कानबान पद्धतीचे मर्म हेच आहे: पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्याने माल पुढे ढकलायचा नाही. संशोधक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेल्या नियमाने हिशोबही मांडता येतो: अर्धवट कामांच्या संख्येला काम पूर्ण होण्याच्या वेगाने भागले की एका कामाचा सरासरी कालावधी मिळतो. आठवड्याला 3 लेख पूर्ण होत असतील आणि 12 लेख अर्धवट असतील, तर एका लेखाला सरासरी 4 आठवडे लागतात. वेग तोच ठेवून अर्धवट लेख 6 वर आणले, तर 2 आठवडे. उरलेले लेख फाइलीत थांबतात हे खरे, पण चूक लवकर सापडते आणि पुढचे लेख तिच्यापासून वाचतात, हा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो.

म्हणून फळ्यावर टप्प्यांचे रकाने आखून प्रूफच्या रकान्यात 3 हून अधिक लेख ठेवू नयेत. तो भरला की संपादकाने नवा लेख जुळणीला न देता स्वतः एक प्रूफ वाचायला घ्यावे. हे जड जाते, पण याच ठिकाणी ढिलाई केली तर फळा नुसता शोभेचा उरतो.

लेख पुढे केव्हा द्यायचा, हेही आधी ठरवावे: एकच अंतिम फाइल, छापायचे नाव, चित्रओळी आणि युनिकोड मजकूर. जुन्या फॉन्टमधून मजकूर बदलताना रफार आणि जोडाक्षरे बिघडतात, तेव्हा ‘सूर्य’, ‘पूर्व’, ‘आश्चर्य’ यांसारखे शब्द त्याच वेळी तपासावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली दुरुस्ती लगेच फळ्यावर लावलेल्या त्या लेखाच्या चिठ्ठीवर उतरवावी.

एकट्याने काम करणाऱ्यानेही हीच रीत पाळावी. त्याच्यासाठी एका वेळी दोन कामे पुरेत. बदल एका वेळी एकच करावा, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तारखा ताडून पाहाव्यात आणि कालावधी घटला नसेल, तर मर्यादा आणखी एकाने खाली आणावी.